जपानमध्ये कामाला जायचंय? आधी परीक्षा, मग करार, शेवटी व्हिसा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटीआय किंवा नर्सिंग झालेल्या मुलामुलींना 'जपानचं वर्क परमिट काढून देतो' म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. एजंटच्या हातात असं परमिट नसतं. तिकडची कंपनी तुम्हाला निवडते आणि जपानच्या इमिग्रेशन खात्यात तुमच्यासाठी अर्ज टाकते. तुमच्याकडे उरतात परीक्षा आणि करार.

योजनेचं नाव 'तोकुतेई गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्य. माणसं मिळेनाशी झालेल्या क्षेत्रांसाठी जपानने ती एप्रिल २०१९ मध्ये आणली, भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल, अन्नप्रक्रिया, कारखान्यातलं उत्पादन अशा क्षेत्रांची संख्या २०२४ मध्ये १६ वर नेली गेली.

वय किमान १८ हवं. पदवीची अट नाही. भाषेसाठी बहुतेक क्षेत्रांत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी भाषा परीक्षा (२५० पैकी २०० गुण) आणि शिवाय त्या क्षेत्राची कौशल्य परीक्षा. शुश्रूषेला जायचं तर त्या कामातल्या जपानीची आणखी एक परीक्षा असते. एन-४ ची जाहिरात 'तीन महिन्यांत' अशी करणाऱ्या क्लासवर माझा तरी विश्वास बसत नाही. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, जेएफटी मात्र संगणकावर असते आणि निकाल लगेच कळतो. कौशल्य परीक्षा प्रत्येक क्षेत्राची भारतात होतेच असं नाही, म्हणून क्लासची फी भरण्याआधी वेळापत्रक बघा.

पासपोर्ट आधी काढा. ठाणेकरांसाठी वागळे इस्टेटमध्ये पासपोर्ट सेवा केंद्र आहे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये येतं, कधी गळतं. परीक्षेच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच लिहा.

करार झाला की कंपनी पासपोर्टची प्रत, निकालपत्रं, करार, आरोग्य तपासणीचा दाखला जोडून जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे व्हिसासाठी लागणारं पात्रता प्रमाणपत्र मागते. ते तीन महिनेच चालतं. त्यासोबत अर्ज, फोटो आणि मूळ पासपोर्ट देऊन व्हिसा मुंबईतल्या जपानी वकिलातीच्या अखत्यारीत होतो.

पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसाइतका तरी द्यावा लागतो. योजनेत दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात एकूण पाच वर्षं राहता येतं, बायकामुलांना नेता येत नाही. घरच्यांना हे निघण्याआधीच स्पष्ट सांगावं. दुसऱ्या वर्गात कुटुंब नेता येतं, पण त्यासाठी वरची परीक्षा द्यावी लागते.

एजंटमार्फतच जायचं असेल तर त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. 'डिपॉझिट ठेवा' किंवा 'मध्येच सोडलंत तर दंड' असं लिहून घेणं जपानच्या नियमांतही बसत नाही, आणि ते उघड झालं तर तुमचाच अर्ज अडकतो.