सोबतीतून दिलेली साक्ष : ठाणे परिसरातील पार्श्वभूमी

ऐरोली किंवा महापे येथे नोकरी करणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला रविवारच्या उपासनेत साक्ष देण्याविषयी, म्हणजे आपली श्रद्धा इतरांपुढे मांडण्याविषयी, सांगितले जाते. सोमवारी सहकाऱ्यांसोबत डबा उघडताना मात्र ती नेमकी कशी द्यावी, हे त्याला उमगत नाही. विषय काढला तर समोरच्याला त्यात धर्मांतराचा हेतू दिसेल आणि गप्प राहिले तर आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट मित्रापासून लपवल्यासारखे होईल, अशी ही कुचंबणा आहे. तिची मुळे याच खाडीकाठच्या इतिहासात आहेत.

6व्या शतकातील कॉस्मस या प्रवासी लेखकाने 'कल्लियाना' येथे इराणमधून नेमून आलेला बिशप असल्याची नोंद केली आहे आणि हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या किनाऱ्यावर ख्रिस्ती श्रद्धा प्रथम आली ती व्यापाराच्या वाटेने. तिच्या पाठीशी कोणतीही राजसत्ता नव्हती. पुढे एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघातले तीन सोबती ठाण्यात मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेल्या आणि त्यांच्या अस्थी चीनला नेणाऱ्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तान्तानुसार, हे चौघे ज्या घरी उतरले होते तेथील नवऱ्याने बायकोला मारहाण केली, तिने काझीकडे दाद मागितली, साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे सांगितली आणि तेथे सुरू झालेली चौकशी धर्मविषयक वादावर जाऊन त्यांच्या प्राणावर बेतली. त्यांच्या हौतात्म्याविषयी मनात आदर आहेच. तरीही हा वृत्तान्त वाचताना माझे मन त्यातल्याच दुसऱ्या एका उल्लेखापाशी थांबते. त्या वेळी ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडील एका प्राचीन पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची 15 घरे होती, असे ओदोरिक सांगतो. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण आपला देव न सोडता परधर्मीयांच्या शेजारात नांदणारी आणि परक्या प्रवाशांना आसरा देणारी ही माणसे आजच्या त्या नोकरदाराची खरी पूर्वज आहेत.

1534च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि ठाणेही त्यांच्या अमलाखाली आले. चर्च उभी राहिली, त्याचबरोबर देवळे पाडली गेली आणि हिंदूंच्या सार्वजनिक आचारांवर बंधने आली. श्रद्धेला सत्तेचा आधार मिळाला की ऐकणाऱ्याच्या मनात भय आणि संशय शिरतो, आणि तो संशय अद्याप पुरता गेलेला नाही, हे आपण ख्रिस्ती माणसांनी आडपडदा न ठेवता मान्य केले पाहिजे. त्याच काळात वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये आधी व्यापारी म्हणून वावरला, तेथील भाषा त्याने आपलीशी केली आणि नंतर फ्रान्सिस्कन बंधू होऊन 1597 मध्ये नागासाकी येथे त्याने प्राण दिले. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे आणि 1739 मध्ये वसई घेतल्यावर तो राजाश्रय संपला, पण येथील ख्रिस्ती कुटुंबांची श्रद्धा संपली नाही. 1887 मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतलेल्या या समाजाने आपली बोली राखली आणि नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद मागणारा आगेरा सणही राखला.

1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हापासून शाळा, छापखाना आणि चव्हाट्यावरील प्रवचन यांचा काळ सुरू झाला. 1842 मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले. त्या काळात खंडनमंडनाला बहर आला होता, मात्र वादात हरलेला माणूस क्वचितच मनाने जिंकला जातो.

कवी नारायण वामन टिळकांची हकीकत या दृष्टीने मला सर्वांत बोलकी वाटते. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने प्रथम संस्कृत कवितेविषयी आपुलकीने गप्पा मारल्या, मग टिळकांच्या मनातले प्रश्न जाणून घेतले आणि निरोप घेताना बायबलमधील नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. त्यातले येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना टिळक त्यात गुंतून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या सहप्रवाशाचे नाव त्यांना कधीच कळले नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे आपल्या विचाराने त्यांनी ती वाट धरली. एकाच घरातल्या दोन माणसांना श्रद्धेपर्यंत पोहोचायला निरनिराळा वेळ लागला, ही गोष्ट घाईने साक्ष देऊ पाहणाऱ्याने लक्षात ठेवावी.

1965 मध्ये कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामान्य श्रद्धावंताचा घर-नोकरीतला वावर हेच त्याच्या प्रेषितकार्याचे, म्हणजे श्रद्धा पोहोचवण्याच्या कार्याचे, क्षेत्र असल्याचे स्पष्ट केले. इकडे 1970 मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, 1992 मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली आणि नव्या वसाहतींत मराठी ख्रिस्ती, ईस्ट इंडियन, मल्याळी आणि तमिळ ख्रिस्ती कुटुंबे इतर सर्वांच्या शेजारी राहू लागली. संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातही, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यपणे द्या, असेच सांगितले आहे. तेथे विचारणारा आधी येतो. नाताळात घरचा फराळ कचेरीत नेला की त्याविषयी कोणीतरी विचारतेच, आणि एखादी सहकारी आईला रुग्णालयात ठेवल्यावर हळूच म्हणते, "तू प्रार्थना करतेस ना, आईसाठीही कर." त्या संध्याकाळी प्रार्थना करायची, दुसऱ्या दिवशी आईची चौकशी करायची, आणि तिने पुढे काही विचारले तरच आपली आशा कोणावर आहे ते सांगायचे.