सावलीचं पंचांग

ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत एक पट्टा असतो. चार-सहा फूट रुंद, शेवाळलेला, उरलेल्या फरशा आणि फुटक्या कुंड्या टाकण्यापुरता उपयोगाचा. कुणीतरी हौसेनं तिथं गुलाब किंवा जास्वंद लावतं, ती रोपं उंचच उंच वाढून काडीसारखी होतात, फूल काही धरत नाहीत, आणि सगळ्यांचं एकमत होतं की इथं ऊन येत नाही, तेव्हा इथं काही लागायचं नाही. हा निकाल बहुधा डिसेंबर-जानेवारीत, कोवळ्या उन्हात फेऱ्या मारताना लागलेला असतो. जूनमध्ये त्या कोपऱ्यात डोकवायला कोण जातंय? तेव्हा पाऊस असतो.

आणि जूनमध्येच तिथलं चित्र उलटं झालेलं असतं. ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारचा सूर्यही इथं दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर. त्यामुळे २० मीटर उंच, म्हणजे सहा-सात मजली इमारतीची सावली दुपारीसुद्धा उत्तरेला १८ मीटरपर्यंत पसरते. मेच्या मध्याला सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा माथ्यावरून दक्षिणेकडे परततो. मधल्या सुमारे दहा आठवड्यांत सूर्य ईशान्येकडे कलून उगवतो, वायव्येकडे कलून मावळतो आणि दिवसभरात एकदाही दक्षिणेच्या बाजूला जात नाही. वर्षभर अंधारी म्हणून हिणवलेल्या उत्तरेच्या भिंतीला या दिवसांत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. ढग असतात, कबूल. पण ढगाळ आभाळाचा उजेड चहूबाजूंनी येतो आणि कोपऱ्याकापऱ्यांत शिरतो.

नेमके हेच आठवडे आपल्या रानातली कितीतरी फुलझाडं वापरतात.

थंड प्रदेशातल्या सावलीच्या बागांची छायाचित्रं आपण पाहतो, ट्रिलियम, ब्लडरूट, व्हर्जिनिया ब्लूबेल वगैरे. ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या पानगळीच्या जंगलातली वासंतिक फुलं. सावलीतली फुलं म्हणून त्यांची ख्याती आहे, पण त्यांचं सगळं कसब सावली पडायच्या आत काम उरकण्यात आहे. बर्फ वितळल्यापासून मेपल-ओक पालवेपर्यंत जमिनीवर भरपूर ऊन असतं. तेवढ्यात ती पानं काढतात, फुलतात, जमिनीखाली अन्न साठवतात. वर पानांचं छत दाटलं की जमिनीवर एक-दोन टक्केच उजेड पोचतो. तोवर ब्लूबेलसारख्या जाती पानं टाकून गडप झालेल्या असतात. त्यांचे कंद मागवून ठाण्यात लावायच्या भानगडीत पडू नये. त्यांना काही महिन्यांची खरी थंडी लागते आणि आपल्याकडे जानेवारीतही पंखा बंद होत नाही.

युक्ती मात्र आपल्या रानातही तीच आहे, फक्त महिना वेगळा. येऊरच्या जंगलात फेब्रुवारी ते मे ऊन मुबलक असतं, कारण साग, सावर, काकड उघडे पडलेले असतात. पण माती कोरडी ठक्क. पळस-पांगाऱ्यांची मुळं खोल जातात म्हणून त्यांना ऐन उन्हाळ्यात फुलणं परवडतं; जमिनीलगतच्या झाडांची मुळं वीतभर खोलीवर, त्यांना परवडत नाही. ऑगस्टमध्ये पाणी हवं तेवढं असतं, पण डोक्यावर सागाची पानं सुपाएवढी झालेली असतात. पाणी आणि उजेड दोन्ही एकदम मिळतात ते वळवाच्या सरींपासून आषाढापर्यंत. जंगलाच्या जमिनीवरचा वसंत तेव्हा असतो, मृगात.

या मुहूर्ताला सगळ्यात आधी हजर होतो तो शेवळा. जूनच्या सुरुवातीला ठाणे-कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका टोपलीत जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात आणि सोबत काकडाची आंबट फळं ठेवतात. काकडं घातल्याशिवाय ही भाजी घशाला खाजते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. आपण ज्याला कोंब म्हणून घरी आणतो तो खरं तर न उमललेला फुलोरा. सुरणाचा हा रानटी भाऊबंद आधी फुलतो आणि पान मागून काढतो, तेही एकच, ठिपकेदार दांड्यावर छत्रीसारखं उघडणारं. पानाशिवाय फूल काढायची ताकद येते कुठून? गेल्या पावसाळ्यातल्या त्या एका पानानं कंदात भरून ठेवलेल्या बेगमीतून.

फुलोरा उघडून पाहिला तर मधल्या दांड्याच्या तळाशी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं आणि सगळ्यात वर एक लांब, गुळगुळीत शेंडा असतो. मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलांचा पराग नंतर मोकळा होतो. त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःवर पडणं टळतं. शेंड्याचं काम दुर्गंधी पसरवण्याचं. सुरणाच्या कुळातल्या अनेक जातींमध्ये हा भाग आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम होतो हे मोजून पाहिलेलं आहे. उष्णतेनं वास लांबवर पोचतो आणि सडक्या मांसावर जगणारे भुंगे-माश्या फसून येतात. खिडकीखाली लावायचं हे झाड नव्हे, हे सांगायला नकोच. पट्ट्याच्या पार टोकाला, कचऱ्याच्या डब्यांजवळ लावलं तर वासाचा आळ डब्यांवरच जाईल.

बाजारातली जुडी मातीत खोचून मात्र शेवळा येत नाही. कंद रानातच राहिलेला असतो.

पहिल्यांदाच सावलीची बाग करणाऱ्यानं रानहळदीपासून सुरुवात करावी असं माझं मत. कुर्कुमा स्यूडोमोंटाना हे तिचं शास्त्रीय नाव जॉन ग्रॅहम यांनी १८३९ मध्ये मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी करताना दिलं, म्हणजे शास्त्राच्या दप्तरीसुद्धा ती आपल्याच भागातली आहे. पाऊस पडला की पहिले तुरे पानांच्या बाजूला, अगदी जमिनीलगत येतात. पुढचे पानांच्या मधून वर निघतात. वरचा गुलाबी-जांभळा झुबका पाहून लोक त्यालाच फूल समजतात. ती रंगीत पानं आहेत, लांबून किड्यांना खुणावणारी. खरी फुलं खालच्या हिरव्या खोबणींत लपलेली, पिवळीधमक, एकेक दिवस टिकणारी. खोबणीत बोट घातलं तर पाणी लागतं आणि पुष्कळदा एखादी मुंगीही. मूळ खणून पाहिलं तर मुळांच्या टोकांना बदामाएवढ्या पांढऱ्या गाठी लोंबताना दिसतात. पुढच्या मृगाचं भांडवल ते.

पेव आणखी सोपा. पांढरी, चुरगळलेल्या कागदासारख्या पोताची मोठी फुलं, लाल कणीस, आणि खोडाभोवती गोल फिरत वर चढणारी पानं. खोडाचा तुकडा ओल्या मातीत आडवा ठेवला तरी फुटतो. मात्र तो पसरतो. पट्टा लहान असेल तर त्याला कुंडीतच कोंडावा. तेरडा एका वर्षाचा धनी. त्याचं बी मेअखेर फेकलं की काम झालं, आणि गौरीच्या दिवसांत बाजारात जायची गरज उरत नाही. कळलावीचे कंद लावण्याआधी दोनदा विचार करावा. फूल देखणं आहे, पण कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं आणि ते जिवावर बेतू शकतं. लहान मुलं खेळतात तिथं ती नकोच.

आता सावलीबद्दल थोडं, कारण सगळ्या सावल्या सारख्या नसतात. हिरवं पान उजेडातला लाल भाग शोषून घेतं, पण लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा भाग बराचसा खाली सोडतं. खालच्या रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य या दोन भागांचं प्रमाण ओळखतं. लाल कमी झाला की रोपाच्या लेखी त्याचा अर्थ वर कुणीतरी बसलंय असा होतो, आणि पुष्कळ रोपं अन्न साठवणं सोडून उंच पळायला लागतात. इमारतीच्या सावलीत ही गाळणी नसते. उजेड कमी असतो, पण आकाशाकडून थेट येतो. म्हणून बारमाही गर्द आंब्याखाली जे जमत नाही ते सात मजली भिंतीमागे जमून जातं. पट्ट्यात उभं राहून वर बघावं. निम्मं आकाश दिसत असेल तर जागा चांगली. झाडाखालीच लावायचं असेल तर बहाव्यासारखं, उन्हाळ्यात पानं झाडून पावसाच्या तोंडावर पालवणारं झाड निवडावं.

वर्षाला सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात मातीची काळजी एकच: पाणी तुंबू नये. बिल्डरनं भरलेल्या मुरुम-राडारोड्यावर वीतभर उंच वाफा करावा. पालापाचोळ्याचं खत, थोडी रेती, विटांचे तुकडे. मेच्या शेवटच्या आठवड्यात कंद आडवे, डोळा वर करून, दोन-तीन इंच खोल ठेवावेत आणि वर वाळका पाला पसरावा. हा पाला सफाईवाल्यांच्या झाडूपासून वाचवणं हेच खरं कठीण काम, त्यासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलावं लागतं.

कंद मरतात ते मात्र पावसात कमी आणि उन्हाळ्यात जास्त. नोव्हेंबरात पानं वाळली की झाड पाणी ओढायचं थांबतं. माळीदादा इमानेइतबारे रोज पाइप सोडत राहतात, ते पाणी मातीतच साचतं, हवा कोंडते आणि पिथियमसारख्या बुरशा कंद पोखरतात. शेतातली हळद-आलं कुजतं तेही बहुतेक याच बुरशीनं. इमारतीमागच्या पट्ट्यांना आणखी एक शाप असतो, वरच्या मजल्यांच्या एसीचं ठिबकणारं पाणी. मार्च ते मे, म्हणजे कंद गाढ झोपलेले असताना, ते अखंड पडत असतं. नळी वळवून घ्यावी, नाहीतर तिच्याखाली कंद लावू नयेत. दुसरा घात गणपती आटोपल्यावर होतो. फुलं संपलेली असतात, पानं अस्ताव्यस्त दिसतात, कुणीतरी ती कापून जागा 'स्वच्छ' करतं. पुढच्या वर्षीचं फूल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्याच पानांत तयार होत असतं. आपणहून पिवळं पडेपर्यंत पान कापू नये.

कंद मिळवायचे कुठून? येऊरमधून नक्कीच नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून झाडपाला उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. मुरबाड, शहापूर, कर्जतकडे कुणाचं घर असेल तर परसात रानहळद आणि पेव हमखास सापडतात. तेही जमत नसेल तर भाजीबाजारातून डोळा असलेला सुरणाचा तुकडा किंवा आंबेहळद आणावी. आंबेहळद काही आपलं रानफूल नाही, पण तिचं वेळापत्रक तेच आहे आणि हात बसवायला ती बरी. एकदा रानहळद रुजली की दोन-तीन पावसाळ्यांत गड्डा दाटतो. पानं वाळल्यावर, साधारण डिसेंबरात, तो काढून हातानं मोडावा आणि शेजारच्या विंगेत वाटून टाकावा. प्रत्येक तुकड्यावर एक तरी डोळा असला म्हणजे झालं.