कॅल्शियमचा रोजचा आकडा ४०० वरून १००० वर कसा गेला

जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले शिंपल्यांचे पातळ तुकडे आजही कुठे कुठे दिसतात. भिंतींचा चुनाही शिंपले भाजूनच होत असे. औषधाच्या दुकानातल्या कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळीतही बहुतेक वेळा शिंपल्यातलंच रसायन असतं, कॅल्शियम कार्बोनेट. १८०८ साली लंडनमध्ये हा धातू प्रथम वेगळा काढला गेला, तेव्हा त्याचं नावही चुन्याच्या लॅटिन शब्दावरूनच पडलं. पुढे १८८३ मध्ये तिथेच लक्षात आलं, की बेडकाचं काढून ठेवलेलं हृदय नळाच्या पाण्यातल्या द्रावणात धडधडत राहतं आणि ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात थंडावतं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. ही झाली जुनी गोष्ट. आज घरोघरी जो घोळ आहे, तो रोज किती घ्यायचं याचा.

१९६२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रौढांसाठी दिवसाला ४०० ते ५०० मिलिग्रॅम पुरे असं म्हटलं. एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या लोकांमध्ये उघड अपाय दिसत नव्हता, आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर आतडं त्यातला मोठा वाटा शोषून घेतं हेही ठाऊक झालं होतं. भारतातल्या तक्त्यांत १९९० च्या सुमारास प्रौढांसाठी ४०० हाच आकडा होता. २०१० मध्ये तो ६०० झाला, २०२० मध्ये १०००. म्हणजे तीस वर्षांत अडीचपट. काल ज्याचं ताट पुरेसं होतं, तो काही न बदलता कमतरतेच्या रकान्यात जाऊन बसला.

२०२० चा आकडा अमेरिकेने २०११ मध्ये ठरवलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. सरासरी गरज ८००, शिफारस १०००, दोन्ही तेच. ब्रिटन मात्र ७०० वरून हललेलं नाही. हजाराची बाजू घेणारे सांगतात, की शरीर कमी कॅल्शियमशी जुळवून घेतं ते हाडांकडून उसनं घेऊन, आणि त्याचा हिशोब साठीनंतर चुकता करावा लागतो. मुद्दा हलका नाही.

पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात दोन तक्ते होते, हे फारसं कुणी सांगत नाही. प्राणिज प्रथिनं आणि मीठ जास्त खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. म्हणून पाश्चात्त्य ताटासाठी १०००, आणि जिथे प्राणिज प्रथिनं दिवसाला २० ते ४० ग्रॅमच पोटात जातात, तिथे ७५०. हा दुसरा तक्ता अहवालाने सैद्धांतिक म्हणूनच दिला होता. तरी आपल्या देशाची जेवणाची पद्धत पाहता चर्चा तिथून सुरू व्हायला हवी होती, असं मला वाटतं.

आता यात गोवेकर कुठे बसवायचा? रोज शितकडी, म्हणजे भात आणि माशाची कढी, खाणाऱ्या घरात प्राणिज प्रथिनं उरलेल्या देशापेक्षा जास्त, खारवलेल्या बांगड्यातून मीठही जास्त. बांगड्याचं मांस आपण खातो आणि कॅल्शियम काट्यासकट मांजरापुढे जातं. बारीक तारली कुरकुरीत तळून अख्खी चावली किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, केली तर हिशोब उलटा होतो. श्रावणात तर ताटच बदलतं. एकाच घरासाठी वर्षभरात दोन्ही तक्ते लागावेत!

तांदूळ, उकडा असो की सुरय (न उकडलेला), १०० ग्रॅमला १० मिलिग्रॅमच्या आसपासच देतो. नाचणी देते ३६४. गोव्यातल्या सत्तरी-काणकोणच्या डोंगरउतारांवर कुमेरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या, शेतीत नाचणी होत असे. वनकायद्यांखाली कुमेरी आक्रसली, उतारांवर काजू आला, आणि तिझन, म्हणजे नाचणीची गोड पेज, बाळंतिणीपुरतं नाहीतर हौसेपुरतं उरलं. नारळाच्या रसाला आपण दूध म्हणतो खरं, पण कॅल्शियमच्या बाबतीत ते दूध नव्हे. गाईच्या दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम असतं, म्हणजे नुसत्या दुधावर हजार गाठायचं तर जवळपास आठशे मिलिलिटर. इतकं कोण पितं?

म्हणून गोळी. तिच्या वेष्टनावर कॅल्शियम कार्बोनेट १२५० असं छापलेलं असतं, पण त्यातलं खरं कॅल्शियम ५००, कारण कार्बोनेटमध्ये ते ४० टक्केच असतं. सायट्रेट असेल तर २१ टक्के. अमेरिकेत ३६ हजारांवर रजोनिवृत्त स्त्रियांपैकी निम्म्यांना सुमारे सात वर्षं रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. खुब्याच्या हाडाची घनता किंचित सुधारली, खुबा मोडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं नाही, मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. अनेकींच्या आहारात आधीच पुरेसं कॅल्शियम होतं आणि अनेकींनी गोळ्या नेमाने घेतल्या नाहीत, हा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला.

गरोदरपणाची गोष्ट वेगळी. तिथे प्रश्न हाडांपेक्षा रक्तदाबाचा आहे. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना दिवसाला दीड ते दोन ग्रॅम द्यावं अशी जागतिक शिफारस. केंद्राच्या २०१४ च्या सूचनेत चौदाव्या आठवड्यापासून रोज ५०० च्या दोन गोळ्या, बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. लोहाच्या गोळीबरोबर ती घ्यायची नाही, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. मग २०२४ च्या जानेवारीत बेंगळुरूमधल्या ११ हजार पहिलटकरणींवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. गरोदरपणातला रक्तदाबाचा विकार टाळण्यात दिवसाला ५०० मिलिग्रॅम १५०० च्या तुलनेत कमी पडलं नाही.