हा इंटरप्ट कुणाचा?

लिनक्सच्या ‘प्रॉक’ डिरेक्टरीतली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडली की आकड्यांचे रकाने दिसतात. प्रत्येक सीपीयूला एक रकाना, प्रत्येक इंटरप्टला एक ओळ. इंटरप्ट म्हणजे ‘माझ्याकडे बघ’ म्हणून एखाद्या उपकरणानं सीपीयूला दिलेली हाक; लाइन म्हणजे ती हाक पोचवणारी तार. मशीन सुरू झाल्यापासून कोणत्या लाइनवरून किती वेळा हाक आली, त्याची ही नोंद. पण ‘हाक कुणाची’ हा हिशेब कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ठेवावा लागला, तो अनेक उपकरणांत एकच लाइन सामाईक झाल्यावर.

१९८१च्या आयबीएम पीसीत या हाका सीपीयूपर्यंत पोचवणारी इंटेलची ८२५९ चिप होती, आठ लाइनींची. १९८४च्या पीसी-एटीत दुसरी ८२५९ पहिलीच्या दोन नंबरच्या लाइनवर जोडली, त्यामुळे सोळातल्या पंधराच हाती उरल्या. शून्य टायमरला, एक कीबोर्डला. आयसा बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या त्या काळच्या मार्गावर, सिग्नल चढला की इंटरप्ट, एवढाच नियम. दोन कार्डं एका लाइनवर आली तर एकाची हाक दुसऱ्याच्या हाकेत बुडे. नव्वदच्या दशकात साउंड कार्डाचे जंपर (लाइन निवडायच्या छोट्या जोडण्या) हलवत ज्यांनी रविवार घालवले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९९२च्या पीसीआय या नव्या बसनं ही टंचाई सैल केली. काम होईपर्यंत कार्ड लाइनचं व्होल्टेज खाली ओढून धरतं, म्हणून अनेकांना एकच लाइन पुरते. मात्र हाक आली की कर्नलला त्या लाइनवरचे सगळे हँडलर, म्हणजे ड्रायव्हरमधले हाकेला ओ देणारे भाग, ओळीनं बोलवावे लागतात. ड्रायव्हरनं (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामनं) आपल्या कार्डाचं स्टेटस रजिस्टर, म्हणजे त्याची स्थिती सांगणारी नोंद, वाचून ठरवायचं: हाक माझी की नाही. लिनक्स २.६पासून (२००३) हे उत्तर कर्नलला कळवणंही आलं.

कारण कुणीच हाक आपली मानली नाही, तर लाइन खालीच राहते, सीपीयू हँडलरमधून बाहेर पडताच पुन्हा आत ओढला जातो आणि मशीन गोठतं. म्हणून कर्नल मोजतो. एक लाख इंटरप्टांत ९९,९००हून अधिक बेवारस निघाले की ‘नोबडी केअर्ड’ असा वैतागलेला संदेश टाकून तो लाइनच बंद करतो. त्याच लाइनवरचं निर्दोष कार्डही त्यात भरडलं जातं. आणि एखादा ड्रायव्हर दरवेळी ‘माझीच’ म्हणत राहिला, तर ही सारी मोजणी फुकट.

पुढे एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट्स) आलं. लाइनच नाही, कार्ड ठरलेल्या मेमरी-पत्त्यावर एक छोटा आकडा लिहितं. एमएसआय-एक्स या त्याच्या विस्तारित रूपात एका कार्डाला २०४८ इंटरप्ट मिळू शकतात, त्यामुळे भांडण बरंचसं मिटलं. आकडे मात्र फसवे झाले: नेटवर्क ड्रायव्हर पहिल्या हाकेनंतर इंटरप्ट थांबवतो आणि पॅकेट स्वतःच उचलत राहतो, म्हणून ट्रॅफिक तुंबलं की त्या ओळीतला आकडा उलट मंदावतो.