ड्रॉइंगच्या सरांची चार ओळींची बातमी

गिरगाव, दादर किंवा परळच्या एखाद्या शाळेतले ड्रॉइंगचे सर नव्वदी ओलांडून गेले की निधनाची बातमी साधारण एकाच साच्यात येते. जे. जे. कलाशाळेत शिक्षण, अमुक विद्यालयात तीस-पस्तीस वर्षे कलाशिक्षक, निसर्गचित्रांची प्रदर्शने, मोठा शिष्यवर्ग. चार ओळींत माणूस आटोपतो. या साच्याला मात्र दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा उगम चित्रकार घडवण्याच्या हौसेत नाही.

सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत ही कलाशाळा सुरू झाली, ती मुख्यतः कारागिरांचा हात घडवण्यासाठी. १८६५ मध्ये आलेले जॉन लॉकवुड किपलिंग इमारतींवरचे शिल्पकाम शिकवत. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पे त्यांच्याच रचनेची. १८७९ पासून ड्रॉइंग हा स्वतंत्र विषय झाला आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करणारा वर्ग निघाला. ड्रॉइंग मास्तर जन्मला तो असा, सरकारी गरजेतून. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत स्मरणचित्राच्या मांडीला मांडी लावून भूमिती आणि नक्षीकाम बसलेले दिसते, ते याच कुळाचे. वर्तुळात वेलबुट्टी बसवताना ज्यांना घाम फुटला, त्यांनी आपल्या सरांना माफ करावे. दोष व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कारखानदारीचा.

पण या चौकटीत शिरलेली माणसे चौकटीएवढी राहिली नाहीत. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १८९० मध्ये जे. जे.त विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. आत्मचरित्राच्या नावातच त्यांनी ‘एकेचाळीस वर्षे’ मोजून ठेवली. नोकरी सांभाळून त्यांनी पोस्टकार्डे, पुस्तकांतली चित्रे, जाहिराती, पौराणिक प्रसंग असे काय काय काढले. सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली आणि आयुष्यभर शिकवले. हातात समई घेतलेल्या स्त्रीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते राजा रविवर्म्याचे आहे असे छातीठोकपणे सांगणारे लोक अजून भेटतात. मास्तरकी करणाऱ्याच्या वाट्याला हेही येतेच.

ते चित्र जलरंगातले आहे, आणि माझ्या मते मुंबईच्या कलाशिक्षकाचे अर्धे आयुष्य या एका शब्दात सापडते. तैलरंगाला जागा लागते, वास सहन करणारे घर लागते, वाळायला दिवस लागतात. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत यातले काय मिळणार? जलरंगाची पेटी, बोर्ड आणि पाण्याचा डबा पिशवीत मावतात. रविवारी सकाळची लोकल धरायची. ससून डॉक, बाणगंगा किंवा वरळी कोळीवाड्यात बसायचे. ऊन चढायच्या आत चित्र संपवायचे. एका बैठकीत संपणारी, सावल्या झटकन पकडणारी ही निसर्गचित्रे मुंबईच्या मराठी चित्रकारांची ओळख झाली, त्यात प्रतिभेइतकाच साप्ताहिक सुटीचा वाटा असावा. प्रल्हाद अनंत धोंड (१९०८–२००१) जे. जे.चे अधिष्ठाता झाले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा जलरंगातला समुद्र.

सोमवारी पुन्हा शाळा. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा मिनिटे वह्या आणि रंग बाहेर काढण्यात. परीक्षा जवळ आली की तोही तास गणिताला. पंधरा ऑगस्टचा फळा रंगीत खडूंनी सरांनीच सजवायचा. गॅदरिंगचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावे, गणपतीची आरास, मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाचे मानपत्र, सगळे त्यांच्याच गळ्यात. बोरू आणि कटनिब या सुलेखनाच्या लेखण्यांवर असलेली हुकूमत ही या पिढीची खरी मिरासदारी होती. फ्लेक्स छापून मिळू लागला आणि ती गेली.

५८ व्या वर्षी निवृत्ती. नव्वदी गाठणाऱ्या माणसाकडे त्यानंतर तीस-बत्तीस वर्षे उरतात, म्हणजे जवळजवळ नोकरीइतकीच. बातमीत या काळाला अर्धी ओळही मिळत नाही, आणि चित्रे तर बहुतेक याच काळातली असतात. १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हाताऱ्या सरांना ते परवडते, कारण बोर्ड घेऊन बाहेर पडायचे काही थांबलेले नसते. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी साठी उलटलेले विद्यार्थी रांगेत येऊन वाकतात आणि सर आधी त्यांची एलिमेंटरीची श्रेणी विचारतात.

पुढच्या इंटरमिजिएटच्या श्रेणीला आता दहावीच्या गुणपत्रिकेत वजन आले आहे: ‘अ’ला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३ गुण. त्यामुळे परीक्षेला मुलांची कमतरता नाही. शिक्षकाचे मात्र उलटे झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळेसाठी कलेला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सांगितला आहे. एकाच शाळेत पस्तीस वर्षे काढलेले सर या तरतुदीतून निघणे कठीण.