अवकाशयानांच्या प्रतिकृती

अवकाशयानांच्या प्रतिकृती : प्रत्यक्ष उड्डाण केलेले अग्निबाण, उपग्रह, अवतरक (लँडर) आणि अवकाशयाने यांच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या, मांडून ठेवण्याजोग्या प्रतिकृती हाताने तयार करण्याचा छंद. कागद, पुठ्ठा, लाकूड, पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक, रेझीन आणि अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने काढलेले भाग यांपासून त्या बनवतात. दारू भरून उडवायचे छोटे अग्निबाण हा निराळा छंद असून त्याचा उल्लेख पुढे ओघात येईल. प्रस्तुत नोंदीत छंदाची सर्वसाधारण माहिती देताना उदाहरणे शक्यतो कोल्हापूर शहर व परिसरातील घेतली आहेत.

प्रतिकृती आणि देखावा यांतला फरक कोल्हापूरच्या वाचकाला दिवाळीतल्या किल्ल्यावरून चटकन समजेल. पेठापेठांतून मुले माती, दगड आणि पोती यांचा पन्हाळा उभा करतात, त्यावर अळीव पेरतात आणि कुंभाराकडून आणलेली चित्रे मांडतात. त्यात सिंहासनावर बसलेले महाराज बुरुजाहून उंच असतात आणि दरवाजातून आत शिरायचे म्हटले तर मावळ्याला लोटांगण घालावे लागेल. किल्ल्याच्या बाबतीत याला कोणी दोष म्हणत नाही, कारण तो देखावा आहे. अवकाशयानाची प्रतिकृती करणाऱ्याने मात्र एकदा एकास शंभर हे प्रमाण धरले की सर्व मापे त्याच प्रमाणाने उतरवायची असतात. त्या प्रमाणात १.७ मीटर उंचीचा तंत्रज्ञ १७ मिलिमीटरचा होतो. तो अग्निबाणाच्या पायथ्याशी उभा केला की शेजारचे यान एकाएकी मोठे दिसू लागते, आणि म्हणून अनुभवी माणसे तळपाटावर निदान एक मनुष्याकृती ठेवतातच.

रूढ प्रमाणांपैकी १:४८, १:७२, १:९६ आणि १:१४४ ही फूट-इंचांच्या पद्धतीतून आली आहेत. एक इंच म्हणजे सहा फूट धरले की १:७२ होते, एक इंच म्हणजे बारा फूट धरले की १:१४४. भारतीय यानांची मापे मीटरमध्ये दिलेली असल्याने त्यांच्यासाठी १:५० किंवा १:१०० सोयीचे पडते, कारण मग गणकयंत्र लागत नाही. प्रमाण निवडताना आधी पाहायचे ते कपाट. चंद्रावर माणसे नेणारा सॅटर्न ५ हा ११०.६ मीटर उंच होता. १:१४४ मध्ये तो जेमतेम ७७ सेंटिमीटर होतो, १:९६ मध्ये ११५ आणि १:७२ मध्ये १५४ सेंटिमीटर, म्हणजे आठवी-नववीतल्या मुलाएवढा. उलट पहिला कृत्रिम उपग्रह स्पुट्निक हा ५८ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होता आणि १:७२ मध्ये त्याचा हरभऱ्याएवढा मणी उरतो. एकाच मोहिमेतही ही अडचण येते. चंद्रयान ३ नेणारा एलव्हीएम ३ हा ४३.५ मीटर उंचीचा, तर विक्रम अवतरकाची बैठक सुमारे २ मीटर लांब-रुंद आहे. अवतरकाचे बारकावे दाखवायला १:२० प्रमाण घ्यावे तर अग्निबाण सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. अग्निबाण १:१०० चा करावा तर अवतरक नखाएवढा होतो. म्हणून दोन्ही एका तळपाटावर मांडणाऱ्याने दोन प्रमाणे वापरल्याचे पाटीवर स्पष्ट लिहावे, असा संकेत आहे. शालेय विज्ञान प्रदर्शनांत तो बहुधा पाळला जात नाही.

या छंदात निर्णायक प्रश्न ‘कोणते यान?’ हा नसून ‘कोणते उड्डाण?’ हा असतो. मोटारीच्या एका नमुन्याच्या हजारो गाड्या एकसारख्या निघतात. अग्निबाणाचे तसे नसते, प्रत्येक उड्डाणाला काहीतरी बदललेले असते. अमेरिकी अवकाश शटलची मोठी बाह्य टाकी १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांत पांढऱ्या रंगाने रंगवलेली होती. रंगाचे सुमारे २७० किलोग्रॅम वजन वाचवण्यासाठी तिसऱ्या उड्डाणापासून रंग देणे बंद झाले आणि आतील फोमचा नारिंगी रंग उघडा राहिला. त्यामुळे एप्रिल १९८१ ची तारीख लिहिलेल्या पाटीवर नारिंगी टाकीचे शटल दिसले की जाणकार मनातल्या मनात गुण कापतो. सॅटर्न ५ बाबतची चूक तर बाजारात मिळणाऱ्या, भाग जोडून प्रतिकृती करायच्या तयार संचांतच शिरली होती. १९६६ मध्ये जुळणीच्या व हाताळणीच्या सरावासाठी ५००एफ नावाचा न उडणारा सॅटर्न उभा करण्यात आला. त्याच्यावरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी पुढे उडालेल्या अग्निबाणांहून वेगळी होती, पण छायाचित्रे आधी त्याचीच प्रसिद्ध झाल्याने त्या काळातील काही गाजलेल्या संचांनी तीच मांडणी उचलली आणि घरोघरचे ‘अपोलो ११’ प्रत्यक्षात कधीही न उडालेल्या यानाच्या रंगात उभे राहिले.

भारतीय उदाहरण पीएसएलव्हीचे देता येईल. या अग्निबाणाची मूळ आवृत्ती सहा जोडबूस्टरांची, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या बाजूंना जोडलेल्या छोट्या पूरक अग्निबाणांची. एक्सएल आवृत्तीत तेच सहा, पण अधिक लांब. सीए आवृत्तीत एकही नाही. डीएलमध्ये दोन आणि क्यूएलमध्ये चार. चंद्रयान १ घेऊन २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेले सी ११ हे एक्सएल आवृत्तीचे पहिले उड्डाण होते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान नेणारे सी २५ हेही एक्सएलच. तेव्हा नुसते ‘पीएसएलव्ही’ एवढेच लिहिलेली प्रतिकृती, नेमके बोलायचे तर, कशाचीच प्रतिकृती नसते.

तयार प्लॅस्टिक संचांचा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत फोफावला आणि १९६९ च्या चांद्रविजयाच्या सुमारास एअरफिक्स, रेव्हेल इत्यादी कंपन्यांनी अवकाशयानांचे संच बाजारात आणले. संचातील भाग चौकटीला चिकटलेले असतात. ते कापून, घासून, पॉलिस्टायरीन विरघळवणाऱ्या द्रावकाने जोडतात. हा द्रावक चिकटवत नाही, तर दोन्ही कडा क्षणभर वितळवून एकजीव करतो. त्यामुळे हे काम वेल्डिंगच्या जवळचे आहे. मात्र परदेशी कारखान्यांचे लक्ष अमेरिकी आणि रशियन यानांवर राहिले. भारतीय अग्निबाण हवा असेल तर तो बहुतांशी मुळापासून बनवावा लागतो, आणि कोल्हापुरात हा छंद खऱ्या अर्थाने येथूनच सुरू होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

पीएसएलव्ही-एक्सएल १:१०० मध्ये करायचा आहे असे समजू. मूळ उंची सुमारे ४४ मीटर आणि पहिल्या टप्प्याचा व्यास २.८ मीटर असल्याने ४४ सेंटिमीटर उंच, २८ मिलिमीटर जाडीची नळी हवी. विजेच्या वायरिंगसाठी मिळणारा २५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप घेऊन त्यावर पाव मिलिमीटर जाडीच्या कार्डपेपरचे सहा वेढे फेव्हिकॉल लावून घट्ट गुंडाळले की दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर वाढते आणि व्यास नेमका साधतो. वेढे गुंडाळण्याआधी कागद टेबलाच्या कडेवरून दोन-तीनदा ओढून त्याला बाक द्यावा लागतो. न दिल्यास शेवटची कड उचलली जाते आणि रंगाखालूनही ती रेघ दिसत राहते. जोडबूस्टर १ मीटर व्यासाचे व सुमारे १२ मीटर लांबीचे, म्हणून १० मिलिमीटर जाडीच्या सहा नळ्या. टोकाशी असलेले उपग्रहाचे आवरण ३.२ मीटर व्यासाचे, म्हणजे अंगापेक्षा रुंद. त्याचा निमुळता भाग कागदातून काढताना शंकूचा पृष्ठविकास करावा लागतो, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उलगडून सपाट कागदावर आखावा लागतो. तळाची त्रिज्या १६ मिलिमीटर आणि तिरकी उंची ५० मिलिमीटर असेल तर कापायच्या वर्तुळखंडाचा कोन ३६० गुणिले १६ भागिले ५०, म्हणजे ११५ अंशांहून किंचित जास्त येतो. दहावीच्या भूमितीचा इतका थेट उपयोग इतरत्र क्वचितच होत असेल. अगदी वरचे गोलसर टोक मात्र कागदात साधत नाही. ते लाकडात कातून घेतात.

मापे जाहीर माहितीपत्रकांतून मिळतात, पण ती ठळक तेवढीच. बारीकसारीक भागांसाठी छायाचित्रावर पट्टी ठेवून, ज्ञात व्यासाशी तुलना करून माप काढावे लागते. जमिनीवरून वर पाहत घेतलेल्या छायाचित्रात अग्निबाण वर निमुळता होत जातो. म्हणून प्रत्येक भाग त्याच्याच उंचीवरील व्यासाशी ताडून पाहावा, पायथ्याच्या व्यासाशी नव्हे. नवख्याने मुळात पीएसएलव्हीच्या वाटेला न जाता १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत सोडणारा एसएलव्ही ३ घ्यावा. २२ मीटर उंचीचा हा साधा, सडपातळ अग्निबाण १:५० मध्ये ४४ सेंटिमीटरचा होतो आणि जोडबूस्टरांची कटकट नसते.

कोल्हापूरला या कामाची आयती बैठक आहे ती उद्यमनगरातली. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकामाच्या धंद्यामुळे लाकडी पॅटर्न बनवणारे, लेथवर काम करणारे आणि आराखडा वाचणारे हात शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूची प्रतिकृतीच. फक्त ती मूळ वस्तूहून थोडी मोठी करतात, कारण बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसते. तीनशे मिलिमीटरच्या भागाला तीनशे तीनचा पॅटर्न करणाऱ्या कारागिराला ४४ मीटरचे ४४ सेंटिमीटर करून देणे अवघड नसते. अवघड असते ते त्याला हे कशासाठी, हे पटवून देणे. दुसरी परंपरा कुंभारांची. एक टोक नीट साधले की साच्यातून त्याच्या सहा प्रती काढायच्या, ही युक्ती गणपतीच्या कामातून ओळखीची आहे. प्रतिकृतीकार प्लास्टरऐवजी सिलिकॉन रबराचा साचा आणि मातीऐवजी रेझीन वापरतो, एवढाच फरक. बाकीचे सामान घरातले असते. अँटेनासाठी तंगूस किंवा खराट्याची हीर, नळकांड्यांसाठी संपलेल्या रिफिली, इंजिनाच्या नरसाळ्यासाठी पेनाचे टोपण. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग मारू नये, द्रावकाने ते जागच्या जागी विरघळते. मंडळाच्या देखाव्यात काम केलेल्या प्रत्येकाला हा धडा एकदा मिळालेला असतो.

त्रिमितीय मुद्रणामुळे अलीकडे बरेच श्रम वाचले आहेत, तरी ते सर्व प्रश्न सोडवत नाही. प्लॅस्टिकची तार वितळवणाऱ्या यंत्राचे थर ०.१ ते ०.२ मिलिमीटरचे असतात आणि गोल पृष्ठभागावर ते पायऱ्यांसारखे दिसतात. ते पुट्टीने भरून वॉटर पेपरने घासावेच लागतात. शिवाय पीएलए हे नेहमीचे प्लॅस्टिक ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे मे महिन्यात उन्हात लावलेल्या बंद मोटारीत ठेवलेला अग्निबाण वाकडा होऊन घरी येतो.

उपग्रह आणि अवतरक यांचे सौंदर्य सोनेरी आवरणात असते आणि नवखा चुकतो तेही तिथेच. ते आवरण सोन्याचा मुलामा नसून पॉलिइमाइडच्या पातळ पडद्यांचे उष्णतारोधक थर असतात. पडद्याच्या आतल्या बाजूस ॲल्युमिनियमचा लेप असतो आणि पिवळसर पडद्यातून तो सोनेरी दिसतो. सोनेरी रंग फासल्याने म्हणूनच अवतरक पितळी तांब्यासारखा दिसतो. चॉकलेटचा सोनेरी कागद हलक्या हाताने चुरगाळून, पुन्हा जवळजवळ सपाट करून, लहान तुकड्यांत चिकटवला तर परिणाम बराच जवळ जातो. सुरकुती जितकी बारीक तितके प्रमाण खरे वाटते. प्रज्ञान बग्गी १:२० मध्ये साधारण ४६ मिलिमीटर लांब व ३८ रुंद होते आणि तिची सहा चाके कागदी पट्टीच्या कड्यांतून होतात.

रंगकाम हे कोल्हापुरात हंगामी काम समजावे. जून ते सप्टेंबर या काळातल्या दमट हवेत झटपट वाळणारा लॅकर रंग मारला तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि काळा रंग राखेसारखा पांढुरका पडतो. कार्डपेपरही याच दिवसांत फुगतो. म्हणून कापणे, घासणे, जोडणे पावसात उरकून रंग दसऱ्यानंतर द्यावा, हा येथला व्यवहार्य क्रम होय. गैरसोय एवढीच, की २३ ऑगस्टचा राष्ट्रीय अंतराळ दिन आणि गणेशोत्सव हे दोन्ही प्रसंग, ज्यांसाठी प्रतिकृतींची मागणी होते, नेमके त्याआधी येतात.

उडणाऱ्या छोट्या अग्निबाणांचा छंद अमेरिकेत १९५० च्या दशकात तयार इंजिनांमुळे रुजला. भारतात स्फोटक द्रव्ये बनवणे आणि बाळगणे यांवर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली परवान्याचे बंधन असून त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे; घरी दारू कुटून प्रयोग करणे बेकायदा तर आहेच, शिवाय बोटांच्या दृष्टीनेही वाईट. शाळांतून प्लॅस्टिकच्या बाटलीत एक-तृतीयांश पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा दाबून उडवतात ते पाण्याचे रॉकेट निरुपद्रवी आहे, पण ती कशाची प्रतिकृती नसते.

पुरी झालेली प्रतिकृती टिकवणे हेही कामच आहे. कागदाला कसर लागते, पांढरा रंग उन्हाने पिवळा पडतो आणि धूळ तर सर्वत्र बसते, म्हणून काचेचे कपाट लागते. पण घरातल्या कपाटाचे खण सहसा फुटभर उंचीचे असतात आणि अग्निबाण त्यांत मावत नाही. यावर जुना तोडगा असा, की टप्प्यांमधले सांधे न चिकटवता आतून एक आखूड नळी बसवून सरकते ठेवायचे. मग उड्डाणात जिथे टप्पे एकमेकांपासून सुटतात, नेमके तिथेच प्रतिकृतीही सुटी करून आडवी ठेवता येते.