घरची वऱ्हाडी आणि छापील प्रार्थना: विदर्भातल्या ख्रिस्ती कथालेखनाची पार्श्वभूमी

तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसलेली माय म्हणते, “देवबापा, माह्या लेकराले बरं कर.” कथेत हीच माय उतरली की बोलू लागते, “हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, या तुझ्या लेकरावर कृपादृष्टी कर.” यवतमाळ, वाशीम, बुलडाणा भागातलं ख्रिस्ती घर कथेत आणताना लेखणी पहिल्यांदा अडखळते ती इथे. दोष लेखकाच्या कानाचा नसतो. ख्रिस्ती मराठीचं वळण कुठे आणि कसं घडलं, त्यात या अडखळण्याचं मूळ आहे.

गंमत अशी की छापील ख्रिस्ती मराठीची सुरुवात नागपुरी वळणानेच झाली होती. विल्यम कॅरी हा इंग्रज मिशनरी बंगालमधल्या सेरामपूरला बसून मराठी शिकला, तो वैजनाथ या नागपूरकडच्या पंडिताकडून. 1805 मध्ये त्याचं मराठी व्याकरण निघालं, मत्तयाचं शुभवर्तमानही त्याच सुमारास छापलं गेलं. पण ही भाषा मुंबईच्या मिशनऱ्यांना चालेना. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं आणि त्यांनी नव्या कराराचं वेगळं भाषांतर करून 1826 मध्ये छापलं. पुढे 1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि पुण्याकडची मराठी हीच प्रमाण ठरली. उपासनेची भाषा तिथेच गोठली. नागपुरी वळण गेलं ते गेलंच.

कादंबरीचा उगमही याच वर्तुळातला. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचं निरूपण, असं तिच्या मथळ्यातच म्हटलं आहे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत विधवांच्या हकिकती ऐकते, मग स्वतःच विधवा होते आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. त्या हकिकती आजही धरून ठेवतात. वादविवादाची पानं मात्र आपोआप उलटली जातात. कारण साधं आहे. तेव्हाच्या ख्रिस्ती छपाईचा मोठा भाग धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटणाऱ्या संस्थांच्या पैशावर चाले, आणि पत्रिकेला शेवटी निर्णय लागतो. वाद, आजार किंवा मृत्यू, मग बाप्तिस्मा हा साचा तिथून कथेत शिरला आणि अजून निघालेला नाही. हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण झाकून ठेवलं तरी काय घडणार ते वाचकाला आधीच कळत असेल, तर साचा शिल्लक आहे असं खुशाल समजावं.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये आला. त्याने शाळा काढली आणि गोंडांच्या लिंगो या देवपुरुषाची गाणी टिपून ठेवली. ती त्याच्या मृत्यूनंतर 1866 मध्ये छापली गेली. म्हणजे लोकांच्या तोंडचं जसंच्या तसं टिपण्याची सवय इथल्या मिशनला अगदीच नव्हती असं नाही. कवी ना. वा. टिळकही काही काळ नागपुरात होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्या मते कथालेखकाने पाठ गिरवावा तो मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा. ‘स्मृतिचित्रे’ ही आठवणींची पुस्तकं, कादंबरी नव्हे. भाषाही वऱ्हाडी नाही. तरी त्यातली बाई श्रद्धेबद्दल बोलते ती स्वयंपाकघरातल्याच आवाजात.

खेड्यांत मिशन पोचलं ते दवाखाना, वसतिगृह आणि दुष्काळातल्या अनाथाश्रमांतून: यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलडाण्याकडे नाझरीन, अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. अहवाल इंग्रजीत, उपदेश पुस्तकी मराठीत. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था 1953 पासून यवतमाळात होती, पण शिकवणं इंग्रजीत; 1983 मध्ये ती पुण्याला गेली. वऱ्हाडी उरली ती मिशन कंपाउंडच्या भिंतीआडच्या घरांत आणि वावरात. वऱ्हाडीत अख्खी कादंबरी पेलते हे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने 1960 मध्येच दाखवलं होतं, ख्रिस्ती घरांपर्यंत ती वाट फारशी आलीच नाही.

आता लिहिणाऱ्याने दोन्ही भाषा ठेवाव्यात, फक्त त्यांच्या जागा ठरवून. चर्चमध्ये मंडळीत उभं राहून केलेली प्रार्थना पुस्तकी असणारच. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तसंच राहू द्यावं. चुलीपाशी ‘मले’, ‘तुले’, ‘हाये’. ‘माह्या’ लिहायचं की ‘माया’, हे सुरुवातीलाच कागदावर ठरवावं. नाहीतर मुद्रितशोधक अर्धे शब्द प्रमाण करतो, अर्धे सोडतो, आणि एकच पात्र दोन गावचं वाटू लागतं. नाव शमुवेल आणि आडनाव वानखडे असेल, तर तेही खुलासा न करता येऊ द्यावं. गावात कुणी खुलासा मागत नाही.

बायबल सोसायटीच्या आवृत्तीतले लांब उतारे घ्यायचे तर परवानगी लागते. पंडिता रमाबाईंचं 1924 सालचं बायबलचं भाषांतर आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, पण त्याची भाषा आजच्या पात्राच्या तोंडी जुनाट वाटते. आजीच्या तोंडी चालेल.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ‘ऱ्ह’ मोडतो: पऱ्हाटीची ‘पर्‍हाटी’ (दिसायला तीच, आतली अक्षरं वेगळी) किंवा सरळ ‘पर्हाटी’ होते. वऱ्हाडी मजकुरात हे पानोपानी घडतं, म्हणून बदलानंतर आधी ‘र्ह’ आणि ‘र्य’ शोधून तपासावेत. ‘सूर्य’ मात्र बदलू नये. पानाचा हिशेबही आधीच करावा. डेमी आकारात 16 पानांचा एक फर्मा. पानाला 280 शब्द धरले तर 42,000 शब्दांची 150 पानं होतात. अर्पणपत्रिका, मनोगत धरून दहा फर्मे म्हणजे 160 पानांत बसतं. मजकूर 163 पानांवर गेला तर तीन पानांसाठी निदान अर्धा फर्मा वाढतो, म्हणून कात्री तिथेच चालवावी, आणि ती बहुधा उपदेशावरच चालते. आयएसबीएन विनामूल्य मिळतो. पुस्तक स्वतः छापलं तर प्रकाशक तुम्हीच, तेव्हा 1954 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची. या चार प्रती छपाईच्या आकड्यात आधीच धरून ठेवाव्यात.